दारूच्या दुकानातला धनेश

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या बोधचिन्हावर धनेश का, असं विचारलं तर बहुतेकांकडे उत्तर तयार असतं. धनेश म्हणजे जुन्या जंगलाची खूण. त्याला घरट्यासाठी मोठ्या ढोलीचं झाड लागतं, पोटासाठी फळांनी भरलेलं रान लागतं. तो जिथं टिकला तिथं जंगल शाबूत आहे असं खुशाल समजावं. मग निसर्गाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला याहून योग्य पक्षी कोणता?

उत्तर पटण्यासारखं आहे. धनेशाबद्दल त्यात जे सांगितलं जातं तेही खरं आहे. पण तारखा जुळत नाहीत. हे बोधचिन्ह १९३३ सालचं. कोणती प्राणिजात किती धोक्यात आहे याच्या याद्या करणारी आययूसीएन ही संघटना त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९४८ साली स्थापन झाली, आणि बोधचिन्हावरच्या महाधनेशाला तिनं ‘असुरक्षित’ गटात घातलं ते थेट २०१८ मध्ये. आज आपल्याला धनेश दिसला की तोडलेलं जंगल आठवतं. १९३३ साली तो पाहणाऱ्या सभासदाला तेच आठवत असेल असं मानायला आधार नाही. त्यातल्या कित्येकांना तर एक विशिष्ट पिंजरा आठवत असणार. त्या पिंजऱ्यापर्यंत जायचं तर आधी चिन्हाचा आजचा अर्थ बाजूला ठेवावा लागतो.

विज्ञानसंस्थांची चिन्हं सहसा अशी जन्मत नाहीत. रोमच्या ‘अकादेमिया देई लिंचेई’चं उदाहरण घ्या. १६०३ साली फेदेरिको चेसी या जेमतेम अठरा वर्षांच्या सरदारपुत्रानं ती काढली आणि तीक्ष्ण नजरेसाठी नावाजलेलं लिंक्स हे रानमांजर तिचं नाव आणि चिन्ह दोन्ही झालं. ते चित्रही त्यानं हवेतून काढलं नव्हतं. जांबातिस्ता देल्ला पोर्ता यांच्या वनस्पतींवरच्या एका ग्रंथाच्या शीर्षकपानावर लिंक्स आधीपासून होता. पुढं १६११ मध्ये गॅलिलिओ या अकादमीचे सभासद झाले, तेव्हा नजरेचा तो दावा भलताच खरा ठरला. लंडनच्या रॉयल सोसायटीसाठी जॉन एव्हलिन यांनी मानचिन्हाचे कितीतरी कच्चे आराखडे काढले होते, शिडांचं जहाज, ढगातून आलेल्या हातात ओळंबा, असलं बरंच काही. शेवटी मंजूर झाली ती कोपऱ्यात इंग्लंडचे तीन सिंह असलेली कोरी ढाल. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं विल्यम हर्शेल यांची चाळीस फुटी दुर्बीण घेतली, आणि हर्शेल हेच तिचे पहिले अध्यक्ष होते. तिन्ही ठिकाणी कुणीतरी बसून विचार केला होता, काय सांगायचंय ते ठरवलं होतं आणि मग चित्र शोधलं होतं.

मुंबईत उलटं झालं. तिथं आधी पक्षी आला, तोही जिवंत, आणि त्याचा अर्थ काय याची चौकशी पुढची एकोणचाळीस वर्षं कुणी केली नाही.

मागं मागं जात पाहू. सोसायटीच्या ‘हॉर्नबिल’ या नियतकालिकाचा जन्म १९७६ चा. लायन गेटसमोरची ‘हॉर्नबिल हाउस’ ही इमारत १९६५ ची. हॉर्नबिल म्हणजे धनेश; दोन्ही नावं बोधचिन्हावरून पडलेली, म्हणजे त्यांच्याकडून उगमाबद्दल काही कळणार नाही. बोधचिन्ह सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानं तयार झालं. त्या वेळी क्युरेटर होते एस. एच. प्रेटर, भारतातल्या प्राण्यांवरचं ज्यांचं पुस्तक पुढं घराघरांत गेलं ते. इथपर्यंत वाट सरळ आहे. १९३३ च्या मागं मात्र एकदम तेरा वर्षांची उडी मारावी लागते, आणि आपण येतो अपोलो स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या मुंबई समाचार मार्गावर, एका मद्यविक्रेत्याच्या कचेरीत.

निसर्ग-अभ्यासकांची संस्था दारूच्या दुकानात कशी, हे सांगायला हवं. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतले आठ जण एकत्र आले. महिन्यातून एकदा भेटावं, एकमेकांच्या नोंदी ऐकाव्यात, काही नवीन नमुना मिळाला तर दाखवावा, एवढाच बेत होता. आठांपैकी दोघे आपले, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. दोघेही डॉक्टर. आत्माराम पांडुरंगांचं नाव प्रार्थना समाजाच्या संस्थापकांत येतं. सखाराम अर्जुनांचा वनस्पतिशास्त्रात दबदबा होता. पहिले मानद सचिव ई. एच. एटकेन हे जन्मानं सातारचे. मीठ आणि जकात खात्यात नोकरी, ‘ईहा’ या सहीनं खुसखुशीत लेखन आणि उरलेल्या वेळात किडे, पाखरं, साप.

सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात होत. पण पेंढा भरलेले प्राणी, शिंगं, अंडी, बाटल्यांतले साप हळूहळू साठू लागले की कुठलीही संस्था जागा मागू लागते. ती जागा हर्बर्ट फिप्सन यांनी दिली. फिप्सन अँड कंपनी ही त्यांची मद्याची पेढी. आधी फोर्ब्स स्ट्रीटवरच्या दुकानाचा एक भाग त्यांनी सोसायटीला काढून दिला, नंतर बिऱ्हाड अपोलो स्ट्रीटला हललं. १८८६ ते १९०६ अशी वीस वर्षं फिप्सन सोसायटीचे मानद सचिव होते आणि सगळा वेळ मद्याची पेढीही चालवत होते. दोन्ही कारभार इतके एकमेकांत मिसळलेले होते की सोसायटीची खोली कुठं संपते आणि पेढी कुठं सुरू होते हे बाहेरच्याला सांगता आलं नसतं. हा तपशील पुढं कामाला येणार आहे.

जाता जाता फिप्सन यांच्या घरातलंही सांगितलं पाहिजे. त्यांच्या पत्नी डॉ. एडिथ पीची म्हणजे एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी झगडलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक, आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या त्यामागं पीचीबाईंचं पाठबळ होतं. आणि रखमाबाई कोण, तर सखाराम अर्जुनांच्या सावत्र कन्या. संस्था काढणाऱ्याची मुलगी आणि संस्थेला छप्पर देणाऱ्याची बायको, असा तो धागा आहे. बोधचिन्हाशी याचा काही संबंध नाही, पण त्या काळची मुंबई किती छोटी होती ते कळतं.

आता पक्षी. फिप्सन यांनी त्याची नोंद करून ठेवली आहे. महाधनेशाचं हे पिल्लू मे १८९४ मध्ये जन्मलं आणि तीन महिन्यांचं असताना कारवारच्या एच. इंगल यांनी ते सोसायटीला भेट दिलं. त्याचं नाव ठेवलं विल्यम. कारवार हा त्या वेळी मुंबई इलाख्याचाच भाग, आणि सोसायटीचं तर आजोळच म्हणावं. एटकेन तिथं नोकरीला होते, कलेक्टर डेव्हिडसन आणि वनखात्यातले बेल यांच्याबरोबर त्यांनी उत्तर कानड्यातल्या फुलपाखरांवर सोसायटीच्या जर्नलमध्ये लेखमाला लिहिली. तिकडून काही विचित्र सापडलं की ते मुंबईला पाठवायचं ही रीत पडूनच गेली होती. जन्माचा महिनाही बसतो. सह्याद्रीत महाधनेशाची वीण वर्षाच्या पहिल्या महिन्यांत असते. मादी ढोलीत शिरते, विष्ठेनं आणि लगद्यानं दार लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला भरवत राहतो. पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. विल्यम त्याच वेळी कुणाच्या तरी हाती लागला असणार.

नोंदीतल्या उरलेल्या गोष्टी ऐकायला दंतकथांसारख्या वाटतात, म्हणून एकेक तपासून पाहिलेल्या बऱ्या. तिसरं वर्ष संपेपर्यंत विल्यमची लांबी सव्वाचार फूट भरली. म्हणजे सुमारे १३० सेंटिमीटर. या जातीची लांबी ९५ ते १३० सेंटिमीटरच्या दरम्यान असते, तेव्हा विल्यम दांडगा होता, पण अशक्य नव्हता. तो केळी आणि रानउंबरं खाई, शिवाय जिवंत उंदीर, विंचू आणि कच्चं मांस. जंगलातला महाधनेशही प्रामुख्यानं उंबरवर्गीय फळांवर जगतो, पण सरडे, साप, दुसऱ्यांची पिल्लं मिळाली तर सोडत नाही. विंचवाची नांगी त्या लांबलचक चोचीच्या टोकाशी चेचली जाते, घशापर्यंत पोचतच नाही.

तो पाणी पीत नसे आणि पाण्यानं अंघोळही करत नसे, असं फिप्सन म्हणतात. हेही खरं मानायला हरकत नाही, कारण धनेशाला लागणारं पाणी बहुतेक फळांतूनच मिळतं. तरी सव्वीस वर्षं मद्याच्या पेढीत काढून साध्या पाण्यालाही न शिवलेला दुसरा रहिवासी त्या इमारतीत निघणार नाही.

सगळ्यात मजेशीर गोष्ट टेनिसच्या चेंडूची. तीस फुटांवरून फेकलेला चेंडू विल्यम चोचीत अलगद झेलत असे. कुणी शिकवलं असेल? खरं म्हणजे शिकवायची गरजच नव्हती. धनेशाची जीभ आखूड असते, चोचीच्या टोकाशी धरलेला घास ती आत ओढू शकत नाही. म्हणून तो प्रत्येक फळ टोकात पकडून, मान मागं झटकून, हवेत उडवून घशात झेलतो. दिवसभरात शेकडो वेळा. अशा पक्ष्याला टेनिसचा चेंडू म्हणजे जरा मोठं, बेचव उंबर. गंमत अशी की सोसायटीत येणाऱ्या पाहुण्यांना ही करामत म्हणून दाखवली जाई, आणि विल्यमच्या दृष्टीनं ते रोजचं जेवण होतं.

नावाबद्दलही शंका घेता येते. विल्यम नर होता कशावरून? महाधनेशात ते ओळखणं सोपं आहे, नराच्या डोळ्याचं बुबुळ लाल, मादीचं पांढुरकं. ज्या खोलीत देशभरातले पक्षी-जाणकार येऊन बसत तिथं सव्वीस वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं होणार नाही. नाव बरोबरच असावं.

यापुढचा साक्षीदार वेगळा आहे, आणि त्याची जबानी जरा जपून वाचायला हवी. नॉर्मन किनियर १९०७ पासून सोसायटीचे क्युरेटर होते, पुढं लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचे संचालक झाले. १९५२ साली वॉल्टर मिलार्ड वारले तेव्हा ‘नेचर’ या साप्ताहिकात किनियर यांनी मृत्युलेख लिहिला आणि त्यात विल्यमला चार ओळी दिल्या. मिलार्ड हे फिप्सन यांच्या पेढीतले सहकारी आणि १९०६ ते १९२० या काळातले सोसायटीचे मानद सचिव. किनियर सांगतात की अपोलो स्ट्रीटला येऊन गेलेल्या प्रत्येकाला हा धनेश आठवत असेल, सगळे त्याला गमतीनं ‘ऑफिसची कॅनरी’ म्हणत, मिलार्ड यांच्या खुर्चीमागं त्याचा पिंजरा होता आणि तिथं तो सव्वीस वर्षं राहून १९२० साली मेला.

कॅनरी वीस-पंचवीस ग्रॅमची, गाणारी. महाधनेश तीन किलोंच्या आसपास, आणि त्याचा आवाज रानात लांबवर ऐकू जातो. विनोद इंग्रजी कचेरीचा आहे, पण झकास आहे.

१८९४ ते १९२० हा सव्वीस वर्षांचा हिशेब बरोबर जमतो. आणि पिंजरा कुठं होता? किनियर यांनी सोसायटीची खोली म्हणून सुरुवात केली आणि त्याच वाक्यात पिंजरा फिप्सन अँड कंपनीच्या कचेरीत ठेवला. म्हणजे काटेकोर बोलायचं तर सोसायटीचं चिन्ह ठरलेला हा पक्षी सोसायटीच्या संग्रहालयात राहतच नव्हता, मद्यपेढीत राहत होता. पण ज्या काळात दोन्हीकडची माणसं तीच, जिना तोच, त्या काळात हा भेद कुणी केला नसेल.

मृत्यूच्या कारणाशी मात्र किनियर स्वतःच अडखळतात. तारेचा तुकडा गिळल्यानं विल्यम मेला असं म्हणतात, असं ते लिहितात. म्हणजे ही ऐकीव गोष्ट. यापूर्वी त्यानं पेटती चिरूट गिळून पचवली होती, तेव्हा तारेचं काय, असा त्यांचा सूर आहे. त्यांचं स्वतःचं मत असं की जुना मित्र दुरावल्याचं दुःख हेच खरं कारण. मिलार्ड १९२० सालीच भारत सोडून गेले होते.

ही गोष्ट इतकी गोड आहे की ती सगळीकडे सांगितली जाते, आणि म्हणूनच मला ती पुरती पटत नाही. किनियर त्याच सुमारास मुंबई सोडून लंडनच्या संग्रहालयात गेले. लिहिलंय ते तब्बल बत्तीस वर्षांनी, तेही मिलार्ड यांच्या मृत्युलेखात, जिथं मिलार्ड यांच्याविषयीचा जिव्हाळा दाखवणं हेच काम होतं. पिंजऱ्यातला महाधनेश पस्तीस-चाळीस वर्षंही जगतो. सव्वीस हे काही म्हातारपण नव्हे. तार गिळून पाखरं मरतात हे कुठल्याही प्राणिसंग्रहालयातला डॉक्टर सांगेल, आतडं फाटतं नाहीतर जस्ताची विषबाधा होते. चिरुटीचं उदाहरणही फारसं उपयोगी नाही, कारण धनेश मोठ्या बिया पोटातून परत तोंडावाटे टाकतो आणि चिरूटही तशीच बाहेर आली असण्याची शक्यता आहे. टोकदार तार तशी सुखासुखी बाहेर येत नाही. माझा कौल तारेला. विरहाचा भाग असेलच तर एवढा, की खुर्चीत मिलार्ड असते तर तार गिळताना कुणाचं तरी लक्ष गेलं असतं.

त्या खुर्चीसमोर १९०८ च्या आसपास एक मुलगा येऊन उभा राहिला होता. त्यानं छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली होती, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, ती कसली ते कळेना, म्हणून मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांची चिठ्ठी घेऊन तो मिलार्ड यांच्याकडे आला. मिलार्ड यांनी चिमणी ओळखली, कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, आणि सालिम अली यांचं पुढचं आयुष्य ठरून गेलं. ही कथा सर्वांना पाठ आहे. पण किनियर यांचं वर्णन तिच्या शेजारी ठेवलं तर चित्रात एक भर पडते. मिलार्ड यांच्या खुर्चीमागं त्या वर्षांत विल्यमचा पिंजरा होता. भारतातल्या पक्षिविद्येचा पाया जिथं घातला गेला असं आपण मानतो, तिथं मुलाच्या नजरेसमोर साहेबांच्या डोक्यामागं चार फुटी जिवंत धनेश बसलेला असणार.

आणि हेच मला बोधचिन्हाचं खरं उत्तर वाटतं. १९३३ साली सोसायटीची पन्नास वर्षं साजरी करायची होती. त्या पन्नासांपैकी सव्वीस वर्षं विल्यमनं पाहिली होती, फिप्सन आणि मिलार्ड या दोन्ही कर्तबगार सचिवांच्या कारकिर्दी, १९११ साली हाती घेतलेलं सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण, सगळं. फिप्सन गेले, मिलार्ड गेले, किनियर गेले. त्या सर्वांच्या आठवणीत समान असलेला सभासद एकच, वर्गणी न भरणारा. वाघ निवडला असता तर तो कुठल्याही शिकारी क्लबला चालला असता. मोर कुणाच्याही दारावर दिसतो. महाधनेश मुंबईत रानात दिसणारा पक्षीही नव्हे. त्याच्यासाठी सिंधुदुर्गातल्या तिलारीकडे किंवा आणखी खाली कारवारच्या बाजूला जावं लागतं. तरी तो मुंबईच्या संस्थेचा झाला, कारण तो तिच्या घरात वाढला होता.

असं दुसरीकडेही घडलं आहे, पण नंतर. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाचा पांडा सगळ्यांना ठाऊक असतो. त्यामागं लंडनच्या प्राणिसंग्रहालयातली ची-ची नावाची एक पांडा मादी होती आणि पीटर स्कॉट यांनी ते चित्र पक्कं केलं १९६१ साली. विल्यम तिच्या अठ्ठावीस वर्षं आधी कागदावर आला. फरक एवढाच की पांडा निवडताना तो जगाला भावेल आणि काळ्या-पांढऱ्यात स्वस्तात छापता येईल याचा हिशेब झाला होता.

जंगलाचं प्रतीक हा अर्थ धनेशाला नंतर चिकटला, आणि त्यात वाईट काही नाही. केरळनं आणि अरुणाचल प्रदेशानं महाधनेशाला राज्यपक्षी केलं, त्याच्या ढोल्या राखायला माणसं उभी राहिली, सोसायटीचं काम संग्रहाकडून संरक्षणाकडे वळलं, आणि पत्राच्या माथ्यावरचा पक्षी त्या कामाला आपोआप शोभू लागला. आता परिस्थिती अशी आहे की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात महाधनेश पहिल्या अनुसूचीत आहे. पिल्लू मुंबईला धाडणारे कारवारचे इंगल आणि त्याला सव्वीस वर्षं पिंजऱ्यात ठेवणारी अपोलो स्ट्रीटची मंडळी, दोघांवरही आज गुन्हा नोंदवला गेला असता, आणि तक्रार द्यायला पुढं येणाऱ्यांत बहुधा सोसायटीच असती, माथ्यावर विल्यम छापलेल्या कागदावर.